हो म्हणायची सवय

रागिणी बेलसरेला ऐकू कमी येतं, हे चौदा वर्षं कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या नवऱ्यालाही नाही.

तिचं माहेर अकोला जिल्ह्यातलं हिवरखेड. वडील पुंजारामजी वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायचे आणि बाजाराच्या दिवशी स्वतःच विकायला बसायचे. घरात त्यांची थोरली बहीण होती, वच्छलाआत्या. ती ठार बहिरी. लग्नानंतर सहा महिन्यांतच सासरच्यांनी तिला परत आणून सोडलं होतं. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत ती राहायची आणि दिवसभर भाजीच्या जुड्या बांधायची. गल्लीतली पोरं तिच्यासमोर उभी राहून नुसते ओठ हलवायची, आवाज न काढता. आत्या हसायची, मान डोलवायची, म्हणायची, "हो, हो." मग पोरं हसून लोळायची. रागिणी त्या पोरांत असायची. आत्या तिच्याच घरातली, म्हणून पुढे तीच असायची.

बाविसाव्या वर्षी रागिणीला मुलगी झाली, खुशी. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांत तिच्या डाव्या कानात रातकिडा ओरडल्यासारखा आवाज सुरू झाला. नंतर उजव्या. अकोल्याच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, की कानाच्या आतलं हाड जाड होत चाललंय, बाळंतपणानंतर काही बायकांचं हे वाढतं, दोन्ही कानांना यंत्र लावा. रागिणी चिठ्ठी घेऊन बाहेर आली. बाकड्यावर खुशीला घेऊन सागर बसला होता. तो परतवाडा ते सेमाडोह काळीपिवळी जीप चालवायचा, आणि त्या दिवशी फेरी सोडून आला होता.

"काय म्हने डॉक्टर?"

"मळ होता म्हने. काढला."

चिठ्ठी तिने बसस्टँडवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. यंत्र लावलेली सून म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने आत्याला पाहिलं होतं.

त्यानंतर ती हळूहळू शिकत गेली. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. चारचौघांत भिंतीला पाठ लावून बसायचं, म्हणजे मागून कुणी हाक मारणार नाही. सगळे हसले की हसायचं. आणि काहीच कळलं नाही की मान डोलवायची. "हो, हो." शंभरातल्या नव्वद वेळा तेवढ्याने भागतं. लोक आपलं बोलणं संपवून निघून जातात.

परतवाड्याहून अंजनगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर नितेशभाऊंचं संत्र्याचं पॅकिंग केंद्र आहे. आठ वर्षांपूर्वी रागिणी तिथे काम मागायला गेली. नितेशभाऊंनी विचारलं, "काही त्रास नाई न ताई? बीपी, शुगर, चक्कर?"

"नाई."

कानाचं त्यांनी विचारलं नव्हतं. म्हणजे आपण खोटं बोललो नाही, असं ती पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिली.

कामाला ती फार चांगली होती. फळाला हात न लावता नुसत्या नजरेने आतून पोचट कोणतं, हे तिला कळायचं. तीन वर्षांत नितेशभाऊंनी तिला बारा बायांवर सुपरवायझर केलं. संत्री क्रेटमधून यायची, पाण्यातून धुऊन निघायची, ब्रशच्या रोलरखालून जायची, त्यांच्यावर मेणाचा हात फिरायचा, मग वाळून, आकाराप्रमाणे वेगळी होऊन खोक्यांत. मशीन चालू-बंद करायचं बटण एकच होतं, आणि ते खोक्यांच्या टोकाला, रागिणीच्या हाताशी होतं. रोलरचं टोक तिथून पंचवीस-तीस फुटांवर. तिकडे पान, काडी, फुटकं फळ अडकलं की बाया ओरडायच्या आणि रागिणी बटण दाबायची. ओरडणं तिला ऐकू यायचं नाही. ती तोंडं बघायची, हात बघायची. तिची नजर सारखी त्या टोकाला असते, म्हणून नितेशभाऊ तिचं कौतुक करायचे.

मास्कच्या दिवसांत तिचे हाल झाले. सगळी तोंडं झाकली गेली. नंतर मास्क गेले, पण मेणाचा वास नाकात बसतो म्हणून बऱ्याच बायांनी तोंडाला ओढणी बांधायची सवय ठेवली. रागिणी फक्त डोळ्यांवरून अंदाज करू लागली.

त्याच सुमाराला कुंदनने एक गोष्ट सुचवली होती. कुंदन खोक्यांना पिना मारायचा आणि केंद्रातलं वायरिंगचं कामही तोच बघायचा. तो म्हणाला, "ताई, तिकडल्या टोकाले बी एक बटन बसवू काय? सोबत एक लाल लाइट. तिकून दाबलं का इकडे लागन. अर्ध्या दिवसाचं काम हाय."

नितेशभाऊ तिथेच होते. त्यांनी रागिणीला विचारलं, "गरज हाय काय ताई? तुमी म्हनसान तर करू."

रागिणीने रोलरच्या टोकाकडे पाहिलं. तो दिवा आपल्याला हवाय, हे तिला त्याच क्षणी कळलं. आणि तो हवाय असं म्हटलं तर पुढचा प्रश्न येईल, तुम्हाला ऐकू येत नाही काय, हेही कळलं.

"काहून?" ती म्हणाली. "मले दिसते न सगळं."

कुंदन परत आपल्या खोक्यांकडे गेला. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

संत्र्याच्या अंबिया बहाराचा माल जोरात होता, डिसेंबर महिना. भागीरथाबाई रोलरच्या टोकाला होत्या. त्या पन्नाशीच्या, केंद्रातल्या सगळ्यांत जुन्या. मुलगा गेलेला, सून आणि नातू त्यांच्याजवळ. रोलरमध्ये काडी अडकली म्हणून रागिणीने मशीन बंद केलं होतं. भागीरथाबाईंनी काडी काढली, मग त्यांना आत अजून काहीतरी दिसलं. त्यांनी हात घातला, मान वळवून रागिणीकडे पाहिलं आणि ओढणीच्या आतून काहीतरी म्हणाल्या.

रागिणीने त्यांचे डोळे पाहिले. ओढणी हललेली पाहिली. झालं, करा चालू, असंच म्हणत असणार असं तिला वाटलं. तिने मान डोलावली. "हो, हो."

ती मान पाहून भागीरथाबाई निर्धास्त झाल्या आणि त्यांनी हात आणखी आत नेला. रागिणीने बटण दाबलं.

किंकाळी तिला ऐकू आली नाही. ती तिला कुंदनच्या तोंडावर दिसली. तो हातातलं खोकं टाकून भिंतीकडे धावला आणि त्याने मेन स्विच ओढला. रागिणी बटणावर बोट ठेवून तशीच उभी होती.

भागीरथाबाईंना अमरावतीला नेलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली, उरलेल्यांची पकड गेली.

संध्याकाळी नितेशभाऊंनी रागिणीला समोर बसवलं. ते घाबरलेले होते. "ताई, काय झालं ते सुपरवायझर म्हनून तुमी लिहून द्या. मावशी काय म्हनल्या होत्या?"

बायांपैकी कुणालाही नीट ऐकू गेलं नव्हतं. पाण्याची मोटर चालू होती, सगळ्या आपापल्या बोलण्यात होत्या. हे रागिणीने आधीच हेरून ठेवलं होतं. ते आपण त्या गोंधळातच हेरलं, याची तिला पुढे फार लाज वाटली.

"चालू करा म्हनल्या," ती म्हणाली. आणि कागदावर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, की सदर कामगाराने मशीन चालू करण्यास सांगून नंतर स्वतःच निष्काळजीपणे हात आत घातला. खाली सही केली.

चौथ्या दिवशी ती मोसंबी घेऊन दवाखान्यात गेली. भागीरथाबाई उशाशी टेकून बसल्या होत्या. तोंडावर ओढणी नव्हती, खिडकीतून उजेड येत होता आणि खोलीत दुसरं कुणी बोलत नव्हतं. त्यामुळे त्यांचा शब्दन् शब्द रागिणीला कळला.

"काय वं रागिणी, मले वाटते म्या 'चालू नका करू' म्हनलं होतं. 'अजून एक हाय आत' म्हनलं. पन सगळे म्हनतात का तूच चालू करा म्हनली. आता वय झालं माहं. म्हनली बी असन."

रागिणीने मान डोलावली.

तिथून बाहेर पडून ती सरळ स्टँडवर आली आणि पिशवी पुन्हा घरीच घेऊन गेली. मोसंबी द्यायची राहूनच गेली होती. घरी खुशीने ती सोलायला घेतली, तर रागिणीने तिच्या हातातून हिसकावून घेतली आणि नंतर स्वतःच रडत बसली. काय झालं म्हणून सागर तीनदा विचारून गेला. तिला एकदाही ऐकू आलं नाही.

फेब्रुवारीत मृग बहाराचा माल सुरू झाला तेव्हा भागीरथाबाई केंद्रावर आल्या. उजवा हात पदरात गुंडाळलेला.

"भाऊ, काम पाह्यजे मले. घरी बसून काय करू? डावा हात हाय न."

नितेशभाऊ वाईट माणूस नव्हते. दवाखान्याचं त्यांनीच केलं होतं. पण कामाचं म्हटल्यावर ते गडबडले. "मावशी, इथं सगळं दोन हाताचं काम." मग रागिणीकडे वळले. "ताई, तुमीच सांगा. यायच्याकून काही होईन काय?"

रागिणीला लगेच तीन कामं सुचली. स्टिकर लावणं, खोक्यांवर आकाराचे शिक्के मारणं, बाहेरून येणाऱ्या क्रेटमधली नासकी फळं डाव्या हाताने वेगळी करणं. टेबल जरा उंच केलं आणि स्टिकरचा रोल पट्टीत घट्ट बसवला, की झालं. पण भागीरथाबाई रोज समोर बसलेल्या असतील, रोज तो हात दिसेल, हेही त्याच क्षणी तिच्या मनात आलं.

"पुढच्या हप्त्यात सांगते," ती म्हणाली.

 भागीरथाबाई फाटकातून बाहेर पडून पायीच निघाल्या. रागिणी त्यांची पाठ रस्त्याच्या वळणापर्यंत बघत राहिली. वच्छलाआत्याला जसं गोठ्याच्या खोलीत ठेवलं होतं, तसंच आपण हिला ठेवायला निघालोय, असं तिला वाटलं. आणि आत्याच्या खोलीचं दार लावणारे हात आता आपले आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भागीरथाबाईंच्या घरी गेली. सून शेतात गेली होती. भागीरथाबाई ओट्यावर बसून डाव्या हाताने शेंगा फोडत होत्या.

"मावशी, तुमी बरोबर सांगतलं होतं," रागिणी उभ्यानेच म्हणाली. "तुमी 'चालू नका करू' असंच म्हनल्या असान. मले ऐकूच आलं नाई. मले ऐकू येतच नाई. म्या नुसती मान हालवली. अन् मंग खोटं लिहून देल्लं."

भागीरथाबाईंचा हात थांबला.  मग त्यांनी वर पाहिलं.

"कधीपासून?"

"खुशी झाली तवापासून."

"म्हंजे कामाले लागली तवा बी?"

"हो."

"मंग माह्या पोराचं तुले सांगतलं होतं म्या. दोन साल झाले. जेवनाच्या सुट्टीत. तो कसा गेला, काय काय बोलला शेवटी. मी कोनाले सांगतलं नाई ते. तू सारखी मान डोलवत होती. ते?"

रागिणीला ती दुपार आठवली. भागीरथाबाई डब्यावर मान खाली घालून बोलत होत्या, तोंड दिसत नव्हतं. काहीतरी दुःखाचं आहे एवढं कळलं होतं. तिने त्यांच्या पाठीवरून हातही फिरवला होता.

"ते बी नाई," ती म्हणाली.

भागीरथाबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. त्या उठल्या आणि घरात गेल्या. रागिणीला वाटलं, दार लावून घेतील. पण त्या दारातच वळल्या.

"बोटाचं मी पाहून घेईन," त्या म्हणाल्या. "तू जा आता. अन् हे मले सांगून काय होते? नितेशले सांग. जे लिहिलं ते खोटं होतं म्हनून लिहून दे."

रागिणीने त्याच संध्याकाळी आधी सागरला सांगितलं. तो नुकताच जीप लावून आला होता. तो पायरीवर बसला. मग तिच्याकडे तोंड करून म्हणाला, "मले वाटे, तुह्यं माह्याकडे लक्षच नसते." त्याच्या आवाजात राग होता की काय, हे तिला कळलं नाही. चेहऱ्यावर तरी नव्हता.

सकाळी नितेशभाऊंना तिने नवा कागद दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"पयलेच सांगतलं असतं," ते म्हणाले, आणि थांबले. त्यांनाच काहीतरी जाणवलं असावं. "खरं सांगू काय ताई? पयले सांगतलं असतं तर मी तुमाले ठेवलंच नसतं."

"म्हनूनच नाई सांगतलं."

"पन म्या बटनाचं विचारलं होतं. लाइटचं विचारलं होतं. तवा तरी..."

 ते विचारत होते आणि ती नको म्हणाली होती, हे खरंच होतं. काम न मिळण्याची भीती खरी होती, तसा हा नकारही खरा होता. एकाने दुसरा धुऊन निघत नव्हता.

नितेशभाऊंनी तिला पंधरा दिवस घरी बसायला सांगितलं. ते कागद घेऊन अमरावतीला कुठे कुठे गेले, वकिलाला भेटले, आणि पहिला जबाब बदलला गेला. दरम्यान सागर तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. कान तपासणाऱ्या बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि प्रमाणपत्राचा अर्ज भरून घेतला. "यंत्राने थोडं कळेल, सगळं नाही," त्या म्हणाल्या. "पण कामाच्या जागी काय बदल लागेल ते तुम्ही सांगायला हवं. तो तुमचा हक्क आहे. मालक विचारत असेल तर चांगलंच आहे."

"इचारत होते," रागिणी म्हणाली. तिने खाली बघितलं, त्यामुळे बाई पुढे काय म्हणाल्या ते तिला कळलं नाही. या वेळी तिने मान डोलावली नाही. वर बघून म्हणाली, "पुन्हा सांगा."

पंधरा दिवसांनी नितेशभाऊंनी तिला बोलावलं. मशीन त्यांनी दुसऱ्या बाईकडे दिलं नव्हतं, कारण फळाची नजर दुसऱ्या कुणाला नव्हती, हे त्यांनी सरळच सांगितलं. कुंदनने दोन्ही टोकांना बटणं बसवली. रोलरच्या टोकाच्या बाईने आधी दाबल्याशिवाय रागिणीचं बटण आता चालत नाही. दोन्हीकडे दिवे लागले. काम अर्ध्या दिवसाचंच होतं. ते बघताना रागिणीला मान वर करवेना.

मग बारा बायांसमोर तिला बोलावं लागलं. ती म्हणाली, "मले ऐकू कमी येते. माह्याशी बोलताना ओढणी खाली करा, समोर या. अन् मी हो म्हनली, तर मले इचारा, काय म्हनलं ते सांग म्हना."  एक म्हणाली, मले शंका होतीच. रागिणी वळली तेव्हा खिडकीच्या काचेत तिला दिसलं, मागची एक जण नुसते ओठ हलवतेय, आवाज न काढता, आणि शेजारचीला हसू आवरत नाहीये. रागिणी आपल्या बटणापाशी जाऊन उभी राहिली. तिला ती काय बोलणार होती?

भागीरथाबाईंना स्टिकरच्या टेबलावर काम मिळालं. कुंदनने लाकडी पट्टीत रोल बसवून दिला, डाव्या हाताने ओढला की एकेक निघतो. मशीनकडे पाठ करून बसायचं, एवढीच त्यांची अट होती. रागिणीशी त्या कामापुरतं बोलतात. समोर येऊन, तोंड मोकळं ठेवून, स्पष्ट बोलतात, आणि बोलून झालं की निघून जातात. त्यांनी आपल्याला माफ केलं का, हे रागिणीने विचारलेलं नाही. विचारायची तिची हिंमत नाही, आणि विचारायचा हक्क आहे असंही तिला वाटत नाही.

गेल्या महिन्यात नवा बहार सुरू झाला. पहिल्याच दिवशी भागीरथाबाई टेबलावर बसल्या, पाच मिनिटांत उठल्या आणि रागिणीपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"खुर्ची बुटकी हाय. खांदा दुखते. उंच पाह्यजे."

तहान लागली म्हणून पाणी मागावं, तसं त्यांनी सांगितलं. रागिणी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग नितेशभाऊंच्या खोलीत गेली आणि खुर्चीचं सांगितलं. ते बरं म्हणाले आणि फोन उचलून पुन्हा कामाला लागले. ती निघाली नाही.

"अजून काही ताई?"

"तुमी मले बाहेरगावून फोन करता न भाऊ. फोनवर मले कळत नाई. यंत्र लावूनबी नाई. मी नुसती हो हो करते." तिचं तोंड तापलं होतं, पदर हातात गोळा झाला होता. "मेसेज टाकत जा."

"अरे, हे आजपर्यंत काहून नाई सांगतलं?"

 नितेशभाऊंनी हातातल्या फोनवर तिचा नंबर काढला आणि तिला पहिला मेसेज लिहायला घेतला.